निर्व्यसनी माणसांची वही

अठरा वर्षं मी लोकांच्या छातीला तारा लावतो आहे. त्यावरून संपादकांचा असा समज झालेला दिसतो की मला हृदयाविषयी काही कळत असावं. तेव्हा सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी आजवर एकही हृदय पाहिलेलं नाही. मी पाहिली ती फक्त रेघ, कागदाच्या अरुंद पट्टीवर उड्या मारत जाणारी. ती काय म्हणते ते डॉक्टरसाहेब सांगतात. मी ती कापतो, तिच्यावर नाव घालतो आणि डिंकाने चिकटवतो. सर्कशीत वाघाला खेळवणारा वेगळा आणि वाघाचा पिंजरा ओढणारा वेगळा. मी पिंजरा ओढणारा. पण गावात वाघाबद्दल जास्त बोलतो तो पिंजरा ओढणाराच, हे तुम्हीही पाहिलं असेल.

आमचा दवाखाना अमरावतीला, अंबागेटच्या आत. दर मंगळवारी डॉक्टरसाहेब अकोल्याला एका मित्राच्या दवाखान्यात बसतात. मी सकाळच्या गाडीने मशीन घेऊन त्यांच्या आधी पोचतो. मशीन म्हणजे कडीला धरून उचलायची सागवानी पेटी. ती उचलून उचलून माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली आला आहे. सुरुवातीच्या वर्षांत डब्यातले लोक तिला हार्मोनियम समजत. एकदा मुर्तिजापूरला चढलेल्या एका म्हाताऱ्याने "एक भजन होऊन जाऊ द्या ना, महाराज," असा धोशाच लावला. मी म्हणालो, "बाबा, हिच्यातून सूर निघत नाही, रोग निघतो." तर तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला.

काम तसं सोपं आहे. रोग्याला आडवं करायचं. दोन्ही मनगटं आणि दोन्ही घोटे मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने गुंडाळायचे, वर धातूच्या पट्ट्या ठेवून रबराने आवळायच्या. छातीवर रबरी फुग्याची वाटी चिकटवायची. कळ दाबली की तापलेली सुई मेणकागदावर रेघ काढत जाते. दुखत नाही, चटका बसत नाही. "मशीन करंट देत नाही, तुमच्याच अंगातली वीज मोजते," असं समजावलं की नवा प्रश्न येई: "मंग माह्या अंगातली कमी नाई होनार काय?"

मशीनची एक तार ओल्या जमिनीत जावी लागते, नाहीतर रेघ थरथरते. शहरात ती नळाला बांधतो. चांदूर रेल्वेला एका घरी वीज होती पण नळ नव्हता, आणि उन्हाळ्यात अख्ख्या अंगणात ओली माती होती ती फक्त तुळशीपाशी. मी तिथे खिळा रोवायला गेलो तर घरातली म्हातारी काठी घेऊन आली. "अरे बाप्पा! तुयशीले करंट लावतं काय रे?" शेवटी खिळा रोवण्याआधी एकदा आणि उपटल्यावर एकदा मला तुळशीला नमस्कार करायला लावला. मी बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेला माणूस. पण पट्टी स्वच्छ यायला हवी होती, म्हणून केले दोन नमस्कार.

आणखी एक गोष्ट सांगून टाकतो. काही घरांत मनगट हातात देण्याआधी मला माझं आडनाव विचारलं जाई. विचारत ते आजूबाजूचे. छातीत कळ आलेला माणूस स्वतः कधीच विचारत नसे.

आता वहीकडे येतो.

डॉक्टरसाहेबांना अभ्यासाची हौस. त्यांनी एक जाड वही आखून माझ्या हाती दिली. नाव, वय, धंदा, वजन, रक्तदाब, साखरेचा आजार, तूप, व्यसन, चिंता. पट्टी काढताना विचारून भरायचं. "चिंता" या रकान्याने मला फार छळलं. "चिंता आहे का?" विचारलं की माणसं विचारात पडत. एक सरकीवाले शेठ म्हणाले, "कायची लिहून राहिले? माह्याजवळ सात-आठ हाईत." मी लिहिलं, "भरपूर." काही दिवसांनी मी रोग्याच्या तोंडाकडे पाहून स्वतःच तो रकाना भरू लागलो. अभ्यास असा चालला होता.

त्या काळी, म्हणजे मी लागलो तेव्हा, हृदयाचे रोगी दोन जातींचे येत. एक, सांध्यांच्या तापाने झडपा खराब झालेल्या कोवळ्या मुली, जिना चढल्या की धापा टाकणाऱ्या. आणि दुसरे, छातीत कळ येणारे गादीवरचे लोक: अडते, वकील, जमीनदार. डॉक्टरसाहेब म्हणत, "अरे उत्तम, ही कळ म्हणजे बैठकीचा रोग. चालतो, राबतो, भाकर खातो त्याला हिची भीती नाही." मला हे फार आवडलं. मी चालत होतो, राबत होतो आणि भाकर खात होतो.

हळूहळू मला वाटू लागलं की पट्टी काढायचीसुद्धा गरज नाही. बाहेर बाकावर बसलेल्यांकडे एक नजर टाकावी आणि मनात म्हणावं: हे हृदय, हे गॅस, हे गॅस, हे हृदय. लोकही मला "अर्धे डॉक्टर" म्हणत, आणि मी उरलेला अर्धा स्वतःच भरून घेत असे. एका मंगळवारी अकोल्यात दोघं आले. एक चांगला ढेरपोट्या, कोट घातलेला. दुसरा काटकुळा, हातात पिशवी धरून उभा. मी ढेरपोट्याला टेबलावर घेतला, कोट उतरवला, पट्ट्या आवळल्या. तो "अहो पण, अहो पण" करत होता. मी म्हणालो, "घाबरायचं नाही, करंट बसत नाही." सबंध पट्टी निघाल्यावर तो म्हणाला, "अहो, आजारी हा आहे. मी याच्यासोबत आलो." ढेरपोट्याची रेघ शाळेत गिरवल्यासारखी नेटकी होती. काटकुळ्याची पट्टी डॉक्टरसाहेब बराच वेळ उजेडाला धरून बघत राहिले. हा किस्सा मी कितीतरी वर्षं हसत सांगितला. त्यातून काही शिकायचं असतं, हे ध्यानातच आलं नाही.

राहिला "व्यसन" हा रकाना, आणि इथे माझी लेखणी अडखळते.

आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. मुलगा कितीही मोठा होवो, त्याला मुलं होवोत, नातवंडं होवोत, बापासमोर तो बिडी ओढत नाही. ओढत नाही म्हणजे, ओढतो असं कबूल करत नाही. मोठ्या भावासमोर नाही, सासऱ्यासमोर नाही, जावयासमोर नाही. बापालाही माहीत असतं. तोसुद्धा घरी येताना कोपऱ्यावर खाकरतो, म्हणजे पोराला विझवायला वेळ मिळावा. मी स्वतः तंबाखू मळतो ती माझ्या वडिलांना, ते जाईपर्यंत, "माहीत नव्हती".

आणि मी विचारत कसा होतो? रोगी पकडलेल्या चोरासारखा हात-पाय बांधून पडलेला. उशाशी बाप, पायाशी काका, दाराआड बायको. आणि मी तोंडातली तंबाखूची गोळी गालात सरकवून खणखणीत आवाजात विचारणार: "बिडी, सिगरेट, तंबाखू?" तो म्हणणार, "नाई जी." बाप मान डोलावणार. मी सुबक अक्षरात लिहिणार, "निर्व्यसनी".

मला कळत नव्हतं असं नाही. मनगटाला फडकं गुंडाळताना बोटं माझ्या नाकाखाली असत. पिवळी नखं दिसत, वास येई. पण बापाच्या देखत माणसाला उघडं पाडायचं? मला ते असभ्य वाटे. मी त्यांची अब्रू राखत होतो. वहीची पानंच्या पानं निर्व्यसनी माणसांनी भरून गेली. ती वाचून परक्या माणसाला वाटावं, वऱ्हाडात साधूच राहतात.

डॉक्टरसाहेब स्वतः सिगरेट ओढत. परदेशी मासिकांत तंबाखू आणि हृदय यांचं काहीतरी छापून येऊ लागलं तेव्हा ते थोडे बेचैन झाले. मग माझी वही उघडून बोट फिरवत म्हणाले, "आपल्याकडे तरी तसं दिसत नाही." आणि निवांतपणे त्यांनी काडी ओढली. मीही मान डोलावली.

अकोटच्या जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, माझा मेहुणा फिटर होता. सुखदेव, माझ्या बायकोचा, शांताचा मोठा भाऊ. तुरीच्या काडीसारखा वाळका, दिवसभर पायांवर उभा. एका मंगळवारी तो अकोल्याला आला, सोबत माझे सासरे. मी त्यांना मामाजी म्हणतो. दीक्षा घेतल्यापासून मामाजींनी पंचशील असं काही धरून ठेवलं होतं की दारू तर सोडाच, त्यांच्या अंगणात कोणी पाहुणा बिडीचं थोटूक टाकून गेला तरी ते चिमटीने उचलून रस्त्याच्या पलीकडे नेऊन टाकत. वस्तीत सभा झाली की ते सांगत, आमच्या घरी या आणि पाहा.

"काय होते, भाऊ?" मी सुखदेवला विचारलं.

"काई नाई, जवाईबापू. जिनाचा पट्टा चढवाले जोर लावला का अथी दाबल्यावानी होते. थांबलो का जाते." त्याने छातीच्या मधोमध मूठ ठेवली.

मामाजी म्हणाले, "कापसाचा भुगा जाते छातीत. दुसरं काय हाय त्याले? ना बिडी, ना दारू. सांगा ना सायबाले, आपल्या घरचा पोरगा हाय म्हना."

मी सुखदेवला आडवं केलं. उजवं मनगट हातात घेतलं तर दोन बोटं नखांपर्यंत हळदीसारखी पिवळी. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि हळूच मूठ मिटली. मी ओलं फडकं नेहमीपेक्षा जरा खालपर्यंत गुंडाळलं. बोटं झाकली गेली.

पट्टी स्वच्छ निघाली. आता, स्वस्थ पडलेल्या माणसाची पट्टी स्वच्छ निघाली म्हणून सगळं ठीक असं नसतं. त्यासाठी डॉक्टरसाहेबांनी दोन लाकडी पायऱ्या करून घेतल्या होत्या. संशय असला की रोग्याने त्यांवर दीड-दोन मिनिटं चढ-उतर करायची आणि लगेच पुन्हा आडवं व्हायचं. रक्तवाहिनी आतून अरुंद झालेली असेल तर श्रमानंतर रेघ झोळीसारखी खाली बसते. पण ही परीक्षा सगळ्यांना देत नसत. धोका असतो.

डॉक्टरसाहेबांनी पट्टी पाहिली, सुखदेवकडे पाहिलं, मग मला विचारलं, "ओढतो का रे हा? ओढत असेल तर पायऱ्या चढवून बघू. उगाच राहायला नको."

मामाजी दारात उभे होते. टोपी हातात, मान ताठ.

"नाही साहेब," मी म्हणालो. "निर्व्यसनी आहे."

"मग स्नायूचं दुखणं. शेकायला सांग."

जाताना मामाजी पुढे झाल्यावर सुखदेवने माझा हात दाबला. "वाचवलं तुमी, जवाईबापू," तो हळूच म्हणाला. आणि मी तो दिवसभर, गाडीत बसेपर्यंत, स्वतःवर खूश होतो.

त्याच मोसमात, कापूस भरात असताना, सकाळच्या पाळीला तो जिनात पट्ट्यापाशी खाली बसला. पाणी मागितलं. पाणी येईपर्यंत संपलं होतं.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मामाजी एकच सांगत. "निर्व्यसनी पोरगा माहा. मशीन लावून पायली होती. जवाईनं सोता लावली. मशीननं काई नाई म्हनलं." मी शेजारी बसून ते ऐकत होतो. लोक माझ्याकडे आदराने बघत होते. शांताने घरी परतल्यावर एकदाच विचारलं, "दादाच्या सदऱ्याले वास येत होता. तुमाले नाई आला?"

"नाही," मी म्हणालो.

तेराव्याला नाही, दीक्षेनंतर आमच्यात ते नाही, पण जलदानाला मी पुन्हा अकोटला गेलो तेव्हा सुखदेवचा धाकटा भाऊ पंजाब मला वस्तीबाहेर रस्त्यावर भेटला. तोही त्याच जिनात. त्याने माझ्यापासून बिडी लपवली नाही, यावरूनच त्याचं काळीज किती फाटलं होतं ते समजावं.

"जवाईबापू, दादा ओढे ना?" तो म्हणाला. "मीच त दोस्त त्याचा. संगंच ओढो आमी जिनामागं. अन तरी तुमच्या मशीनमधी काई नाई निंगालं. म्हंजे बिडीचा अन छातीचा काई संबंध नाई. हाय काय?"

या प्रश्नाचं खरं उत्तर एका वाक्याचं होतं. डॉक्टरला तो ओढतो हे कोणी सांगितलंच नव्हतं, आणि न सांगणारा मी. ते सोडून मी म्हणालो, "कमी कर." असं म्हणून मी एस.टी.त बसलो. गाडी निघाली तरी तो तिथेच उभा राहून दुसरी पेटवत होता.

त्यानंतर मी कामाची पद्धत बदलली. कोणाला काही न सांगता. पट्ट्या आवळून झाल्या की मी बापाला म्हणे, "बाबा, जरा गरम पाणी बघता का?" काकाला म्हणे, "बाहेर नाव नोंदवून या." बायकोला "लिंबू आणता का?" लिंबाचं कार्डिओग्रामशी काहीही नातं नाही, पण आजवर एकाही बाईने ते विचारलं नाही. सगळे गेले की मी रोग्याच्या कानाशी वाकून "ओढता का?" असं विचारत नसे. मी विचारी, "कोन्ती ओढता? लाल दोऱ्याची का काया दोऱ्याची?" माणूस एकदम मोकळा होई. "लाल, भौ. काया दोऱ्याची घशाले लागते." कोणी अगदीच घट्ट असला तर मी माझी चंची काढे. "तुमच्याजवळ चुना आहे का हो?" हात बांधलेला माणूस खिशाकडे मानेने खूण करी.

काय काय बाहेर आलं म्हणता! अकोल्याचे एक वकील, ज्यांच्या घरी विड्याचं पानही वर्ज्य, रोज कोर्टाच्या मागे जाऊन चार सिगरेटी ओढत आणि वेलची खाऊन घरी जात. एक शाळामास्तर तपकीर, बिडी आणि जर्दा तिन्ही घेत आणि मुलांना व्यसनमुक्तीवर निबंध लिहायला लावत. बायकांना तर मी कधी विचारलंच नव्हतं. विचारल्यावर पहिल्याच बाईने पदरात तोंड लपवून सांगितलं, दिवसातून चार वेळा गुडाखू, म्हणजे गुळात कालवलेली तंबाखू, दाताला. "पन ते दाताचं औशद हाय ना?" तिची सासू बाहेर लिंबू शोधत होती. परत आल्यावर तिनेही मला बाजूला घेऊन विचारलं, गुडाखूने छातीत धडधड होते का.

वहीचा रकाना भरू लागला. दोन-तीन वर्षांनी डॉक्टरसाहेबांनी पानं उलटता उलटता चष्मा कपाळावर नेला. "उत्तम, हे काय? वऱ्हाडात एकदम सगळे ओढायला लागले काय?"

मी म्हणालो, "जमाना बदलतो आहे, साहेब."

खरं म्हणजे जमानाही बदलत होताच. बाकावर आता अडते कमी आणि कंडक्टर, तलाठी, बँकेतले कारकून, मास्तर जास्त दिसत. पूर्वी परतवाड्याहून सायकल हाणत येणारे लोक एस.टी.ने येत. घरात वनस्पती तुपाचे डबे आले होते, चहात साखर वाढली होती, पन्नाशीतला रोग चाळिशीत उतरला होता. पण यातलं किती वऱ्हाड बदलल्यामुळे आणि किती मी बापाला बाहेर काढल्यामुळे, हे आता कोणालाही सोडवता येणार नाही. दोन्ही मी एकाच शाईने लिहिलं आहे.

डॉक्टरसाहेबांनी त्यावर नागपूरला डॉक्टरांच्या मेळाव्यात भाषण केलं. हृदयरोगाची बदलती कारणं. भिंतीवर तक्ते होते. पहिल्या काही वर्षांचा तंबाखूचा खांब एवढासा, पुढचा ताडाएवढा. ते तक्ते धरून उभा होतो मी. टाळ्या झाल्या. एक वयस्क डॉक्टर म्हणाले, "ही वाढ विलक्षण आहे, याचं कारण काय असावं?" कारण तक्त्याच्या मागे उभं होतं, दोन्ही हात वर करून. त्याने तक्ता आणखी वर धरला.

पंजाब आज जिवंत आहे, हे आधीच सांगतो.

गेल्या वर्षी एका मंगळवारी अकोल्यात मी मशीन मांडत होतो आणि दारात मामाजी उभे. मागे पंजाब. चेहरा राखेसारखा. तीच जागा, तशीच मिटलेली मूठ छातीच्या मधोमध. पट्टा चढवताना होतं, थांबलं की जातं.

मी त्याला आडवं केलं. मग माझा नेहमीचा उपाय केला. "मामाजी, जरा गरम पाणी बघता का?"

"पानी मंग," मामाजी म्हणाले आणि उशाशी जाऊन उभे राहिले. एक पोरगा गेलेला माणूस. तो कसला हलतो.

पट्टी स्वच्छ निघाली. डॉक्टरसाहेब आले. त्यांनी पट्टी पाहिली, पंजाबकडे पाहिलं. "ओढतोस का?"

"नाई जी," पंजाब छताकडे बघत म्हणाला.

डॉक्टरसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मामाजींनीही पाहिलं. पंजाबची बोटं माझ्या हातात होती. मी फडकं सोडलं.

"ओढतो, साहेब," मी म्हणालो. माझा आवाज इतका बारीक निघाला की पुन्हा म्हणावं लागलं. "ओढतो. आणि याचा भाऊही ओढत होता. त्या दिवशी मला दिसलं होतं. मी तुम्हाला खोटं सांगितलं."

डॉक्टरसाहेबांनी हातातली पट्टी खाली ठेवली. "वहीत किती आहेत असे?"

"पहिल्या दहा वर्षांतले जवळपास सगळेच समजा."

"आणि मी नागपूरला..." ते थांबले. त्यांचे कान लाल झाले. मला वाटलं, आज नोकरी गेली. ती जायलाच हवी होती.

मी मामाजींकडे बघण्याचं टाळत होतो. तेच बोलले. "मले मालूम होतं."

"काय?" मी म्हणालो.

"सुखदेवचं. बाप हाय मी. घरात माचिस किती लागते ते काय मले समजत नाई? मीच त कोपऱ्यावर खाकरो." ते एकेक शब्द वेगळा काढून बोलत होते. "मले त्याले विचारता येत नव्हतं, जवाईबापू. म्हनून त आनलं होतं तुमच्याजवळ. मले वाटलं, तुमची मशीन सांगते सारं. तिले कोनाची लाज हाय?"

मग मामाजींनी विचारलं, "किती ओढे तो?"

मी कधी विचारलंच नव्हतं.

टेबलावर हात-पाय बांधलेला पंजाब म्हणाला, "दीड बंडल, बाबा. मोसमात दोन."

"अन तू?"

"तेवढ्याच."

मामाजींनी मान हलवली. डॉक्टरसाहेब म्हणाले, "उत्तम, पायऱ्या आण."

मी पायऱ्या मांडल्या. पंजाब चढू-उतरू लागला, मी मोजू लागलो, आणि डॉक्टरसाहेब त्याच्या नाडीवर बोट ठेवून बाजूला चालत राहिले. पुरत्या फेऱ्या व्हायच्या आधीच त्यांनी थांबवलं. पुन्हा आडवं केलं. सुई निघाली आणि रेघ माझ्या डोळ्यांदेखत झोळीसारखी खाली बसली. त्या दिवशी सुखदेवला चढवलं असतं तर अशीच बसली असती. मला रेघ वाचता येत नाही असं मी वर म्हणालो, पण एवढी मला वाचता येते.

डॉक्टरसाहेबांनी मामाजींना नीट समजावलं. हृदयाला रक्त नेणारी नळी आतून अरुंद झाली आहे. जड काम बंद, बिडी बंद, कळ आली की ही गोळी जिभेखाली. "परदेशात आता एक शस्त्रक्रिया निघाली आहे. पायातली एक शीर काढून हृदयावर जोडतात, म्हणजे रक्ताला बाजूने नवी वाट मिळते. आपल्याकडे यायला वेळ लागेल. तोवर याला सांभाळायचं."

मामाजी लक्ष देऊन ऐकत होते. मग ते खाली वाकले, धोतर गुडघ्याच्या वर घेतलं आणि उजवा पाय पुढे करून डॉक्टरसाहेबांसमोर उभे राहिले. म्हातारा पाय, पण पोटरीवर शिरा दोरीसारख्या टरारलेल्या.

"हे चालन काय?" ते म्हणाले. "मजबूत हाय. अकोट ते अकोला पायी आलेला हाय मी, येका दिवसात. कोन्ती पायजे ते घ्या."

डॉक्टरसाहेब म्हणाले, "आजोबा, ज्याची त्याचीच लागते."

"बापाची नाई चालत?"

"नाही चालत."

मामाजी तसेच उभे राहिले, धोतर हातात धरून. टेबलावरून पंजाब मान उचलून त्या पायाकडे बघत होता.

"बाबा," तो म्हणाला, "धोतर खाली करा. सोडतो मी."